भिंतीतले यंत्र ही शाखा का?

अमेरिकेतल्या १९२७ च्या मॅकफॅडन कायद्याने बँकेची शाखा म्हणजे काय हे एका ओळीत सांगून टाकले होते. जिथे ठेवी घेतल्या जातात, चेक वटवले जातात किंवा कर्ज दिले जाते, ती जागा म्हणजे शाखा. शाखा कुठे काढायची यावर राज्याराज्यांची बंधने होती. लहान बँकांना ती बंधने हवीच होती, कारण मोठी बँक शेजारी येऊन बसली तर आपले काही खरे नाही हे त्या ओळखून होत्या.

मग भिंतीत पैसे देणारी यंत्रे, म्हणजे एटीएम, आली. पहिल्यांपैकी एक २७ जून १९६७ रोजी लंडनच्या उत्तरेला एनफील्ड इथे बार्कलेज बँकेने बसवले. त्या वेळी प्लास्टिकचे कार्ड नव्हते. ग्राहक आधी बँकेतून कागदी पावत्या घेऊन जायचा. त्या पावत्यांवर कार्बन-१४ या किंचित किरणोत्सारी द्रव्याची खूण असायची, यंत्र ती ओळखायचे आणि दहा पौंड बाहेर सरकवायचे. अमेरिकेत अशी यंत्रे वाढू लागली तेव्हा राष्ट्रीय बँकांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाने १९७४ च्या डिसेंबरात जाहीर केले की ग्राहक स्वतः चालवतो ती यंत्रे शाखा नव्हेत, त्यामुळे बंधने लागू नाहीत. लहान बँकांची संघटना कोर्टात गेली आणि १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात जिंकली. यंत्र पैसे घेते आणि पैसे देते, तेव्हा कायद्याच्या भाषेत ती शाखाच, असा निकाल लागला. पुढे १९८५ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने सुपरमार्केटमधल्या यंत्राबाबत वेगळा कौल दिला. बँक त्या यंत्राची मालक नसेल आणि तिने ते भाड्यानेही घेतलेले नसेल, तर ती त्या बँकेची शाखा नाही. एकच यंत्र, पण कोणाच्या मालकीचे आहे त्यावर ते शाखा ठरणार किंवा नाही ठरणार! अखेर १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने व्याख्येतून एटीएम वगळले, तोवर ही यंत्रे सर्वत्र पसरून जुनी झाली होती.

बँकिंगचे बहुतेक नियम अशाच साध्यासुध्या शब्दांवर उभे आहेत: शाखा, दिवस, ठेव, बँक. नवे तंत्र आले की आधी हे शब्द ढिले पडतात. कायदा पुस्तकात जागच्या जागी असतो, पण ज्या वस्तूला धरून तो लिहिला ती वस्तू केव्हाच निघून गेलेली असते. मग त्या शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा यावरून झगडा सुरू होतो, आणि तो झगडा बहुतेक वेळा स्पर्धेचाच असतो.

हे एटीएमपासून सुरू झाले असे समजायचे कारण नाही. अठराव्या शतकात लंडनच्या बँकांचे कारकून इतर बँकांवरचे चेक घेऊन रोज दारोदार हिंडत. १७७० च्या सुमारास ही पायपीट वाचवायला ते लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या एका पबमध्ये भेटू लागले. तिथे एकमेकांचे चेक समोरासमोर मांडायचे, वजाबाकी करायची आणि फक्त फरकाची रक्कम द्यायची. यातूनच क्लिअरिंग हाउस उभे राहिले. रोकड कमी हलवावी लागल्याने खर्च आणि धोका दोन्ही घटले. पण टेबल खासगी बँकांच्या ताब्यात होते. भागभांडवलावर उभ्या राहिलेल्या नव्या बँका मोठ्या होत गेल्या, तरी त्यांना १८५४ पर्यंत तिथे बसू दिले नाही. तोवर त्यांचे चेक जुन्या, महागड्या वाटेनेच वटत राहिले.

बँक ऑफ इंग्लंडने २०१७ मध्ये बँक नसलेल्या पेमेंट कंपन्यांना आपल्याकडे थेट हिशेब मिटवण्याची मुभा देऊ केली, तेव्हा बातम्यांचा सूर काहीतरी अभूतपूर्व घडतेय असा होता. तोवर या कंपन्यांना व्यवहार मिटवायला कुठल्या तरी बँकेच्या दारातच उभे राहावे लागे, म्हणजे स्पर्धकाकडूनच सेवा विकत घ्यावी लागे. १८५४ चे भांडण जवळजवळ शब्दशः हेच होते. यंत्र कितीही नवे असो, हिशेब जिथे मिटतो त्या टेबलाशी खुर्ची कोणाला द्यायची, यावरच अर्धी स्पर्धा ठरते.

आता ‘दिवस’ या शब्दाकडे येऊ. १८६६ मध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तार टिकली आणि लंडन-न्यूयॉर्कमधला निरोप आगबोटीच्या प्रवासाऐवजी काही मिनिटांत पोचू लागला. (चलन बाजारात पौंड-डॉलरच्या दराला आजही ‘केबल’ म्हणतात, ते यामुळेच.) अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह (फेड) या मध्यवर्ती बँकेने १९१८ मध्ये आपल्या बँकांमधले व्यवहार मोर्सच्या तारांवरून मिटवायला सुरुवात केली. निरोप धावू लागला, पण बँकेची वेळ प्रत्येक देशात आपापल्या घड्याळानेच चालत राहिली. ही फट किती महागात पडू शकते ते समजायला १९७४ उजाडावे लागले.

कोलोनमधली हेरष्टाट ही मध्यम आकाराची खासगी बँक परकीय चलनाच्या सट्ट्यात बुडाली होती. २६ जून १९७४ रोजी जर्मन अधिकाऱ्यांनी तिचा परवाना काढून घेतला, तोही शिस्तीने, जर्मनीतला त्या दिवसाचा कारभार आटोपल्यावर. कागदावर हे अगदी योग्य होते. पण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळ होती. अनेक बँकांनी त्या दिवशी फ्रँकफर्टमध्ये हेरष्टाटला मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) देऊन टाकले होते आणि मोबदल्यातले डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळण्याची वाट पाहत होत्या. हेरष्टाटचे डॉलर खाते सांभाळणाऱ्या तिथल्या बँकेने देणी थांबवली आणि मार्क गेले ते गेलेच, डॉलर आले नाहीत. यात या बँकांनी काही चूक केली होती असेही नाही. सौद्याची एक बाजू एका देशाच्या दिवसात पुरी झाली, दुसरी दुसऱ्या देशाच्या दिवसात अडकली, इतकेच. पुढचे तीन दिवस न्यूयॉर्कमधल्या बँका एकमेकींना पैसे सोडायलाच तयार नव्हत्या. तिथल्या आंतरबँक यंत्रणेतली उलाढाल या काळात सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस दहा प्रमुख देशांच्या मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी बाझल समिती नेमली. आज जगभरच्या बँकांना किती भांडवल बाळगायचे ते सांगणारी समिती ती हीच. सौद्याची एक बाजू पुरी होऊन दुसरी अडकण्याच्या धोक्याला तर हेरष्टाटचेच नाव चिकटले. त्यावरचे यांत्रिक उत्तर, म्हणजे दोन्ही चलने एकाच क्षणी हातबदल होतील किंवा एकही होणार नाही अशी सीएलएस ही व्यवस्था, २००२ मध्ये सुरू झाली. मधली २८ वर्षे बँकांना या धोक्याची माहिती होती, पण सावधगिरीचा खर्च कोणी आधी उचलायचा यावर घोडे अडले होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वात शिकण्यासारखा भाग आहे, कारण इथे यंत्र मिळायला वेळ लागला नाही, एकमत व्हायला लागला.

संगणकाने दिवसाचा आणखी एक अर्थ बदलला. २१ नोव्हेंबर १९८५ रोजी बँक ऑफ न्यूयॉर्कच्या सरकारी रोखे मिटवणाऱ्या प्रणालीत बिघाड झाला. येणाऱ्या रोख्यांचे पैसे बँकेच्या खात्यातून जात राहिले, पण ते रोखे पुढे ग्राहकांना देऊन त्यांच्याकडून पैसे घेणे प्रणालीला जमेना. संध्याकाळपर्यंत खड्डा इतका झाला की बँकेला फेडकडून एका रात्रीसाठी २२ अब्ज डॉलरहून अधिक कर्ज घ्यावे लागले. व्याजच सुमारे ५० लाख डॉलर झाले. बँक सधन होती, कर्ज बुडाले नव्हते, अफवा नव्हती. तोवर बँकेच्या तपासनीसाने पाहायच्या गोष्टी म्हणजे कर्जे, तारण, ताळेबंद. प्रोग्राममधली एक चूकही बँकेला एका दुपारीत उघडे पाडू शकते, हा धडा त्या दिवशी मिळाला. युरोपीय संघाने बँका आणि त्यांना क्लाउड सेवा देणाऱ्या कंपन्या या दोघांनाही कवेत घेणारा डिजिटल कणखरतेचा कायदा १७ जानेवारी २०२५ पासून लागू केला. धडा आणि कायदा यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे.

‘ठेव’ हा शब्द कसा निसटला ते पाहणे तर मौजेचे आहे. महामंदीनंतर अमेरिकेत बँकांनी ठेवींवर किती व्याज द्यायचे यावर कमाल मर्यादा होती. सत्तरच्या दशकात महागाई वाढली आणि मर्यादा जाचू लागली. १९७१ मध्ये रिझर्व्ह फंड या नावाने पहिला मनी मार्केट फंड आला. लोकांचे छोटे छोटे पैसे गोळा करून तो अल्पमुदतीच्या रोख्यांत घालायचा आणि बाजारातले व्याज द्यायचा. हजारो खात्यांचा रोजचा हिशेब संगणकामुळेच स्वस्तात जमत होता. पुढे अशा फंडांवर चेकही लिहिता येऊ लागले. ग्राहकाच्या नजरेत ते बँक खातेच, कायद्याच्या नजरेत मात्र गुंतवणूक. त्यामुळे व्याजाची मर्यादा नाही आणि ठेवविमाही नाही. बँकांतला पैसा तिकडे वाहू लागला आणि १९८० च्या कायद्याने मर्यादाच टप्प्याटप्प्याने मोडीत काढली. स्पर्धा जिंकली, ग्राहकाला चांगले व्याज मिळाले. पण १६ सप्टेंबर २००८ ला, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, याच रिझर्व्ह फंडाच्या एका डॉलरच्या युनिटचे मूल्य ९७ सेंटवर आले. लोक धावत सुटले आणि तीन दिवसांत सरकारला मनी मार्केट फंडांना हमी जाहीर करावी लागली. ठेव नाही म्हणून विमा नाही असे जे सदतीस वर्षे म्हटले गेले, ते एका आठवड्यात फिरले.

केनियात ‘ठेव’ आणि ‘बँक’ या दोन्ही शब्दांना एकदम वळसा घातला गेला. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा सुरू केले. मध्यवर्ती बँकेने कायदा होईपर्यंत थांबायला सांगितले नाही. ग्राहकांचा सारा पैसा व्यापारी बँकेत विश्वस्त खात्यात ठेवायचा आणि कंपनीने त्यातून कर्जे द्यायची नाहीत, या अटींवर ‘हरकत नाही’ असे पत्र दिले. बँका अर्थातच चिडल्या. २००८ च्या डिसेंबरात अर्थमंत्र्यांनी तपासणीची मागणी केली, पुढच्या महिन्यात निष्कर्ष आला की व्यवस्था सुरक्षित आहे, आणि पेमेंट व्यवस्थेचा कायदा २०११ मध्ये झाला. आधी घडू द्यायचे, मग लिहायचे, हा क्रम इथे जमला. तो सगळीकडे जमेलच असे नाही. फेसबुकने जून २०१९ मध्ये लिब्रा नावाचे स्वतःचे चलन जाहीर केले तेव्हा नियामकांनी ते जन्मूच दिले नाही. दोन अब्जांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपनीला आधी करून पाहा, मग बघू, असे सांगण्याची कोणाची छाती होणार? जानेवारी २०२२ मध्ये त्या प्रकल्पाची मालमत्ता सिल्व्हरगेट या बँकेने विकत घेतली. तीच बँक ८ मार्च २०२३ ला स्वतःचा गाशा गुंडाळत असल्याचे सांगून मोकळी झाली.

दुसऱ्याच दिवशी सिलिकॉन व्हॅली बँक या अमेरिकी बँकेवर ठेवीदारांची झुंबड उडाली, आणि या वेळी ती रस्त्यावर फारशी दिसलीच नाही. २००७ मध्ये इंग्लंडात नॉर्दर्न रॉकबाहेर लोक रांगा लावून उभे होते, कारण बँकेची वेबसाइट भार न पेलल्याने कोलमडली होती. म्हणजे अपुऱ्या तंत्रानेच तेव्हा धाव थोडी रोखली. २००८ मध्ये वॉशिंग्टन म्युच्युअल या अमेरिकी बँकेतून दहा दिवसांत १६.७ अब्ज डॉलर गेले आणि ती बँक बुडाली. सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्चच्या एका दिवसात ४२ अब्ज गेले, आणि दुसऱ्या दिवसासाठी आणखी १०० अब्जांच्या मागण्या नोंदल्या होत्या. बाझलच्या तरलतेच्या नियमात तणावाचा काळ ३० दिवसांचा धरलेला आहे. बँकेकडे तेवढे दिवस तग धरण्याइतकी सहज विकता येणारी मालमत्ता हवी, असा तो हिशेब आहे.

अमेरिकेत बुडती बँक ताब्यात घ्यायची ती शुक्रवारी संध्याकाळी, काउंटर बंद झाल्यावर, अशी रीत आहे. शनिवार-रविवार हाताशी राहतात, तेवढ्यात नवा मालक शोधता येतो आणि सोमवारी दार उघडते. हेरष्टाटच्या वेळी जर्मन अधिकाऱ्यांनीही कारभार आटोपण्याची वाट पाहिली होती. १० मार्च २०२३ हा शुक्रवारच होता, पण संध्याकाळपर्यंत सिलिकॉन व्हॅली बँकेत काही उरेल याचा भरवसा नव्हता, म्हणून सकाळीच टाळे लावले. सर्व ठेवी सुरक्षित असल्याची घोषणा रविवारी संध्याकाळी झाली. आशियातले बाजार उघडायला तेव्हा फार वेळ राहिलेला नव्हता.