पिस्तुलावरचा लेसर: आजच्या पर्यायांमागचा इतिहास

खानापूर, हल्याळ किंवा निपाणीच्या बाजूला परवान्याच्या हत्याराविषयी बोलणे निघाले की आजही कानावर पडतात ते नळीच्या टोकावरची माशी, तिच्याशी नेम जुळवायची मागची खाच आणि बोटाने ओढायचा चाप हेच शब्द. भीमगडच्या रानालगतच्या गावांत डुकरांपासून भात राखण्यासाठी बाळगलेल्या बंदुकांनी ही भाषा टिकवली, तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे बेळगाव परिसरात स्थायिक झालेल्या माजी सैनिकांनी तिला शिस्त दिली. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मात्र थोड्यांकडेच असते, म्हणजे एखादा सराफ, ठेकेदार, मोठा ऊस बागायतदार किंवा निवृत्त अधिकारी. आता या मंडळींत हत्यारावर लेसर बसवावा का आणि बसवायचा तर कोणता, अशी विचारणा होऊ लागली आहे. लाल की हिरवा, मुठीतला की नळीखालचा, हे प्रश्न दुकानदाराने निर्माण केलेले नाहीत. त्यातला प्रत्येक प्रश्न गेल्या सहा दशकांतल्या एकेका तांत्रिक अडचणीतून आलेला आहे आणि ती अडचण ठाऊक असली की निवड बरीचशी आपोआप होते.

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर चालवला. तो क्षणभर चमकून विझत असल्यामुळे नेम धरण्यासाठी त्याचा उपयोग नव्हता. सलग उजेड देणारा हेलियम-निऑन लेसर त्याच वर्षाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत तयार झाला, पण त्याचा किरण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा होता, ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा (प्रकाशाचा रंग या मापावर ठरतो) लाल किरण १९६२ मध्ये साधला. पिस्तुलावर पहिल्यांदा चढला तो याच जातीचा लेसर. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे शुअरफायर या नावाने ओळखल्या गेलेल्या लेसर प्रॉडक्ट्स या अमेरिकी कंपनीने तो पोलिसांसाठी आणला. काचेची नळी, ती पेटवण्यासाठी लागणारा काही हजार व्होल्टचा दाब आणि त्यासाठीची विद्युत व्यवस्था एवढे सगळे सांभाळायचे असल्याने ते यंत्र हत्याराच्या डोक्यावर दुसऱ्या नळीसारखे बसत असे. १९८४ च्या एका गाजलेल्या हॉलिवूडपटात असे पिस्तूल जगाने पाहिले. चित्रीकरणाच्या वेळी त्याची वीज नटाच्या कपड्यांत लपवलेल्या तारेतून येत होती, हे पडद्यावर अर्थातच दिसले नाही. लेसर बसवला की नेम अचूक लागतो, ही समजूत पसरण्यात त्या दृश्याचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

खरा बदल अर्धवाहक लेसरने, म्हणजेच लेसर डायोडने घडवला. रॉबर्ट हॉल यांनी तो १९६२ मध्येच दाखवला होता, परंतु त्याला द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्याची गरज पडे. साध्या खोलीच्या तापमानात सलग चालणारा डायोड १९७० मध्ये आला आणि डोळ्यांना दिसणारे लाल डायोड बाजारात यायला ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. गुंडीएवढ्या बॅटरीवर चालणाऱ्या या तुकड्याने काचेची नळी आणि हजारो व्होल्ट दोन्ही हद्दपार केले. मात्र सुरुवातीचे डायोड ६७० नॅनोमीटरच्या आसपासचे होते, आणि मानवी डोळा या रंगाला फार मंद प्रतिसाद देतो. तेवढ्याच शक्तीचा ६३५ नॅनोमीटरचा किरण त्याच्या सुमारे सातपट उजळ दिसतो. म्हणून आजही लाल लेसर घेताना नुसता ‘लाल’ हा शब्द पुरेसा नसतो, तरंगलांबी वाचावी लागते. स्वस्त मालात बहुधा ६५० असते आणि ती ६३५ च्या निम्मीच उजळ भासते.

आकार लहान झाल्यावर लेसर बसवायचा कुठे हा प्रश्न उभा राहिला. १९८९ मध्ये सुरू झालेल्या लेसरमॅक्सने तो पिस्तुलाच्या आतल्या स्प्रिंगच्या दांडीत घातला, तर १९९४ मध्ये ओरेगॉन राज्यात सुरू झालेल्या क्रिमसन ट्रेसने मुठीच्या फळीत बसवला, जिथे हत्यार हातात घट्ट धरले की बटण आपोआप दाबले जाते. १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने पिकॅटिनी रेलचे, म्हणजे उपकरणे अडकवण्याच्या खाचेदार पट्टीचे माप ठरवून दिले आणि त्या दशकाच्या अखेरीस पिस्तुलांच्या नळीखाली अशा धर्तीची पट्टी रुळली. या तिन्ही जागा अमेरिकी पिस्तुले डोळ्यांसमोर ठेवून घडल्या, आणि सीमाभागातल्या परवानाधारकाची अडचण इथेच सुरू होते.

भारतात ९ मिलिमीटरसारखे सैन्य-पोलिसांचे बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राची मापे, सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. त्यामुळे बेळगावात पाहायला मिळते ते बहुतेक ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. सरकारी कारखान्यांचे जुने नमुने आणि २०१४ मध्ये आलेले जुन्या ब्रिटिश वेब्ली धाटणीचे, सुमारे अर्ध्या किलोचे निर्भीक रिव्हॉल्व्हर यांच्या नळीखाली पट्टी नाही. रिव्हॉल्व्हरला स्प्रिंगची दांडीही नसते आणि परदेशी लेसर-मुठी तिकडच्या हत्यारांच्या मापानेच बनतात. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर हवी ती पट्टी तासून मिळेल, हा विचार बेळगावकराच्या मनात लगेच येतो, कारण इथल्या कारागिरांच्या हाताला ते काम अवघड नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम हत्याराची दुरुस्ती आणि त्यातील बदल परवान्याशिवाय करू देत नाही, म्हणून सांगाड्याला भोक पाडणे हे काम परवानाधारक शस्त्र-कारागिराचेच आहे आणि त्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे आहे.

हिरव्या रंगाची कथा वेगळी आहे. हिरवा किरण थेट देणारा डायोड अनेक वर्षे बनत नव्हता, म्हणून ८०८ नॅनोमीटरच्या अवरक्त डायोडने एका स्फटिकाला चेतवायचे, त्यातून निघणारा १०६४ चा किरण दुसऱ्या स्फटिकातून नेऊन ५३२ वर आणायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. डोळ्याला हा रंग ६३५ च्या लालापेक्षा सुमारे चौपट उजळ दिसतो, परंतु या रचनेला बॅटरी जास्त लागते आणि कडाक्याच्या थंडीत ती मंदावते. २००९ च्या सुमारास थेट हिरवे डायोड प्रयोगशाळांतून बाहेर येऊ लागले आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या लेसरांनी हळूहळू जुन्या रचनेची जागा घेतली. बेळगावची थंडी जुन्या रचनेलाही अडवण्याइतकी नसते. इथे हिरव्याच्या बाजूने बोलते ते अथणी-चिकोडीकडचे लख्ख ऊन, ज्यात लाल ठिपका काही पावलांवरच हरवतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात आणि धुक्यात मात्र हिरवा किरण संपूर्ण रेषेसारखा दिसतो आणि हत्यार कुठे आहे हेही दाखवून देतो. दोन्ही रंगांच्या लेसरांची शक्ती साधारणतः ५ मिलिवॅटच्या आत ठेवली जाते. तेवढीही डोळ्यात थेट गेल्यास घातकच आहे.

लेसर नळीतून निघत नाही, ही गोष्ट मेमनच्या काळाइतकीच आजही खरी आहे. तो नळीच्या ३ सेंटिमीटर खाली असेल आणि १० मीटरवर जुळवला असेल, म्हणजे तिथे गोळी बरोबर ठिपक्यावर लागत असेल, तर ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या दीड सेंटिमीटर वर आणि २० मीटरवर ३ सेंटिमीटर खाली लागते. चाप ओढताना मनगट हलले तर ठिपकाही हलतो. तो चूक दाखवतो, दुरुस्त करत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने पिस्तूल स्पर्धांत लेसरला मज्जाव करून उघडी माशी-खाचच कायम ठेवली आहे, त्यामुळे नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी या खर्चात पडण्याचे कारण नाही.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि त्याआधी बरेच जण जोडलेले उपकरण उतरवून घरी ठेवतात. पट्टीवरचा लेसर काढून पुन्हा लावला की त्याची जुळणी थोडी तरी सरकते, आणि ती तपासायला अधिकृत रेंजवर गोळ्या झाडाव्या लागतात; काडतुसांची संख्या परवान्यावर ठरलेली असल्याने त्या गोळ्या त्याच हिशेबातून जातात. मुठीतला लेसर या बाबतीत कमी त्रास देतो, पण आपल्या रिव्हॉल्व्हरच्या मापाची मूठ मिळाली तरच.