पदवीपर्यंत पोहोचवणारा पैसा : अमेरिकेतील एका अनुदानाची पार्श्वभूमी

२०१४ साली अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने २४ महाविद्यालये आणि विद्यापीठांना मिळून साडेसात कोटी डॉलरची अनुदाने जाहीर केली. योजनेचे नाव होते ‘फर्स्ट इन द वर्ल्ड’. हा पैसा इमारतींसाठी नव्हता, फीमाफीसाठीही नव्हता. गरीब घरातली, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले कॉलेजात यावीत, त्यांना ते परवडावे आणि त्यांनी पदवी घेऊनच बाहेर पडावे, यासाठी काहीतरी नवे करून पाहा आणि त्याचा खरोखर उपयोग झाला का हे त्रयस्थ संशोधकांकडून मोजून घ्या, अशी त्यामागची अट होती. २०१५ मध्ये आणखी सुमारे सहा कोटी डॉलर दिले गेले. २०१६ च्या अर्थसंकल्पात काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, योजनेला एक डॉलरही दिला नाही आणि ती तिथेच संपली.

दोन वर्षांत गुंडाळलेल्या योजनेची एवढी दखल का घ्यायची? कारण अमेरिकी सरकार कॉलेजशिक्षणावर कशासाठी पैसे देते आणि कशासाठी देत नाही, हा ८० वर्षांचा प्रश्न तिच्यात एकवटला आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये ‘जीआय बिल’ झाले. फी, पुस्तके आणि पोट भरण्याइतका भत्ता सरकार देऊ लागले. त्या बळावर सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकले. १९४७ साली तर महाविद्यालयांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिकच होते. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, बहुतेक कॉलेजांची दारे बंदच राहिली. हे सांगितल्याशिवाय त्या कायद्याचे कौतुक पुरे होत नाही. पुढे १९५७ मध्ये सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेला आणि त्या धक्क्याने दुसऱ्याच वर्षी सरकारी शैक्षणिक कर्जांची सुरुवात झाली.

८ नोव्हेंबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली, तीही वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर टेक्सासमधल्या सॅन मार्कोस इथल्या आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन. विद्यार्थिदशेत पैशांसाठी शिक्षण मध्येच थांबवून त्यांनी कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांच्या शाळेत शिकवले होते. त्याच काळात ‘अपवर्ड बाउंड’सारखे कार्यक्रम सुरू झाले. गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांना कॉलेजसाठी तयार करायचे, असा त्यांचा हेतू होता. पुढे या कार्यक्रमांच्या गटाला ‘ट्रायो’ हे नाव पडले.

खरे वळण १९७२ चे. त्या वर्षी उच्च शिक्षण कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्यावेळचा वाद आजही वाचण्याजोगा आहे. ओरेगनच्या खासदार एडिथ ग्रीन यांचे म्हणणे होते की सरकारी पैसा थेट महाविद्यालयांना द्यावा. र्‍होड आयलंडचे सेनेटर क्लेबोर्न पेल यांचा आग्रह होता की तो गरीब विद्यार्थ्याच्या नावे द्यावा, मग विद्यार्थी हवे ते कॉलेज निवडेल. पेल यांची बाजू जिंकली. तेव्हा सुरू झालेले अनुदान १९८० पासून ‘पेल ग्रँट’ म्हणून ओळखले जाते. आज त्यावर वर्षाला तीस अब्ज डॉलरहून अधिक खर्च होतो.

पेल यांचे म्हणणे न्यायाचे होते, असे मला मनापासून वाटते. गरिबाच्या हातात निवड देणे ही लहान गोष्ट नाही. पण त्या रचनेत एक जागा रिकामी राहिली. पैसा विद्यार्थ्याबरोबर कॉलेजात आला, फी भरली गेली आणि पुढे त्या विद्यार्थ्याचे काय झाले हे कॉलेजला विचारणारे कोणी उरले नाही. किती जण आत आले याचा हिशेब होता. किती जण पदवी घेऊन बाहेर पडले याचा नव्हता. पदवीचे प्रमाण जाहीर करण्याची सक्ती करणारा कायदा यायला १९९० उजाडले.

त्याच १९७२ च्या कायद्यात कोपऱ्यात एक छोटी तरतूद होती : माध्यमिकोत्तर शिक्षण सुधारणा निधी. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘फिप्सी’ म्हणतात. क्लार्क केर यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्नेगी आयोगाने उच्च शिक्षणात नवे प्रयोग करण्यासाठी मोठी राष्ट्रीय संस्था सुचवली होती. निक्सन सरकारनेही १९७० मध्ये तशी कल्पना मांडली. काँग्रेसला एवढी मोठी संस्था नको होती, म्हणून तडजोडीतून हा छोटा निधी जन्मला. व्हर्जिनिया स्मिथ या त्याच्या पहिल्या संचालक.

फिप्सीची कामाची रीत मला आजही अनुकरणीय वाटते. आधी काही पानांचा प्राथमिक प्रस्ताव घ्यायचा, त्यातले निवडक पुढे न्यायचे आणि सविस्तर प्रस्ताव त्यांनाच मागायचा. त्यामुळे अर्ज लिहिणारे खास कर्मचारी बाळगू न शकणारी लहान कॉलेजेही स्पर्धेत टिकत. रकमा छोट्या असत. उत्तर वॉशिंग्टनने ठरवलेले नसे, अडचण मात्र खरी असावी लागे.

त्यातून काय घडू शकत होते याचे एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन हे तरुण गणिती शिकवत होते. कॅल्क्युलसच्या पहिल्याच सत्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत. सहकाऱ्यांची ठरावीक उत्तरे होती : तयारी कच्ची, घरची परिस्थिती, इच्छाशक्तीचा अभाव. ट्राइसमन यांनी ती मान्य न करता विद्यार्थी प्रत्यक्ष कसा अभ्यास करतात ते जवळून पाहिले. चिनी वंशाचे विद्यार्थी संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांची गणिते तपासत, कुठे अडले ते बोलत. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट तेवढेच करत, पण एकट्याने. ट्राइसमन यांनी त्यांच्यासाठी गटात बसून गणिते सोडवण्याचे वर्ग सुरू केले. त्यांत सोपी गणिते दिली नाहीत, उलट जास्त अवघड दिली, कारण हे उपचारात्मक वर्ग आहेत अशी भावना त्यांना नको होती. निकाल बदलले. या कामाला फिप्सीचे बळ होते आणि पुढे देशभरच्या अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली.

फिप्सीची पुढची कहाणी दुःखाची आहे. खासदार आपापल्या मतदारसंघातल्या कॉलेजांची नावे थेट अर्थसंकल्पात घालून घेऊ लागले. हळूहळू निधीचा बहुतेक भाग अशा राखीव रकमांत जाऊ लागला आणि २००५ च्या आसपास खुल्या स्पर्धेसाठी जवळजवळ काही उरले नाही. चांगल्या कल्पनेला पैसे देणारी यंत्रणा ओळखीवर पैसे वाटणारी झाली. पुढे २०११ मध्ये काँग्रेसने अशा राखीव तरतुदी थांबवल्या, पण तोवर निधीच आटला होता.

दरम्यान शिक्षण महाग होत गेले. १९७० च्या दशकाच्या मध्यात सर्वांत मोठी पेल ग्रँट सरकारी विद्यापीठातल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा राहण्या-जेवणासह तीन चतुर्थांशांहून अधिक वार्षिक खर्च भागवत असे. आता ती एक तृतीयांशही भागवत नाही. उरलेली दरी कर्जाने भरली. देशातले एकूण शैक्षणिक कर्ज २०१२ च्या सुमारास एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. त्यात सर्वांत जास्त होरपळ झाली कर्ज काढून पदवी अर्धवट सुटलेल्यांची. कर्ज राहिले आणि ते फेडायला मदत करणारी पदवी नाही. कॉलेजात जाऊन पदवी न मिळालेल्या अमेरिकनांची संख्या आज सुमारे चार कोटी आहे.

या पार्श्वभूमीवर २४ फेब्रुवारी २००९ ला बराक ओबामा यांनी काँग्रेससमोर सांगितले की २०२० पर्यंत पदवीधरांच्या प्रमाणात अमेरिका पुन्हा जगात पहिली असेल. योजनेच्या नावातला ‘फर्स्ट’ इथला. त्याच वर्षी शालेय शिक्षणासाठी ६५ कोटी डॉलरचा एक नवोपक्रम निधी निघाला होता. त्याचे सूत्र असे की पुरावा जितका भक्कम, तितके अनुदान मोठे. तेच सूत्र कॉलेजांना लावावे, असा प्रस्ताव सरकारने पुढे मांडला. पैसे मिळायला २०१४ साल उजाडले आणि ते फिप्सीच्याच छत्राखाली आले.

पहिल्या फेरीतले प्रयोग तऱ्हेतऱ्हेचे होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने शाळकरी मुलांना कॉलेजचे अर्ज आणि आर्थिक मदत समजावी म्हणून ऑनलाइन खेळ हाती घेतले. पर्ड्यू विद्यापीठाने वर्गात शिकवण्याची पद्धत बदलून काय होते ते तपासायला घेतले. दुसऱ्या फेरीत जॉर्जिया स्टेट विद्यापीठाला ८९ लाख डॉलर मिळाले. त्यातून ११ सरकारी विद्यापीठांतल्या सुमारे दहा हजार विद्यार्थ्यांवर एक चाचणी झाली. गुण, हजेरी, चुकीचा विषय निवडणे अशा खुणांवरून विद्यार्थी अडखळतोय हे वेळीच ओळखायचे आणि समुपदेशकाने आपणहून त्याच्याकडे जायचे, ही कल्पना. विद्यार्थ्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्या तशी यादृच्छिक केली होती. जॉर्जिया स्टेटमध्ये फायदा दिसला. सगळी विद्यापीठे एकत्र धरली तर तसा स्पष्ट फरक दिसला नाही. मला हा निकाल मोलाचा वाटतो. एका ठिकाणी रुजलेली गोष्ट दुसरीकडे केवळ सॉफ्टवेअर आणि एखादा जादा समुपदेशक देऊन उभी राहत नाही, हे त्यातून कळले. पण पदवी घेईपर्यंतचा हिशेब लागायला पाच-सहा वर्षे लागतात आणि निधी पहिल्या दोनच वर्षांत थांबला होता. निकाल आले तेव्हा त्यांवरून पुढचे पाऊल टाकायला योजनाच शिल्लक नव्हती.

सर्वांत ठोस पुरावा केंद्राच्या या पैशातून नव्हे, तर न्यूयॉर्क शहराच्या पैशातून आला. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत ‘एसॅप’ कार्यक्रम सुरू केला. फी कमी पडली तर भरायची, पुस्तकांसाठी पैसे द्यायचे, मेट्रो आणि बसचा पास द्यायचा. एका समुपदेशकाकडे मोजकेच विद्यार्थी ठेवायचे आणि त्याला नियमित भेटणे बंधनकारक करायचे. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे. एमडीआरसी या संशोधन संस्थेने तीन कॉलेजांतल्या ८९६ विद्यार्थ्यांवर यादृच्छिक चाचणी घेतली. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या गटात २२ टक्के, एसॅपच्या गटात ४० टक्के. दरडोई खर्च तीन वर्षांत सुमारे १६,३०० डॉलरने वाढला, तरी एका पदवीमागचा खर्च कमीच आला, कारण पदवीधर जवळपास दुप्पट झाले. ओहायोतल्या तीन कॉलेजांत हाच नमुना नेला तेव्हा तिथेही १९ टक्क्यांचे ३५ टक्के झाले.

यात नवलाचे यंत्र एकही नाही. बसचा पास, पुस्तके आणि नावानिशी ओळखणारा माणूस हे सगळे एकाच वेळी आणि सलग तीन वर्षे दिले, एवढेच. मराठी घरांत पहिल्या पिढीत शिकलेल्यांना हे कोणी समजावून सांगायला नको. कितीतरी जणांचे कॉलेज फीमुळे नव्हे, तर एसटीच्या पासापायी किंवा खोलीच्या भाड्यापायी सुटलेले त्यांनी पाहिले आहे. म्हणूनच माझे ठाम मत असे की सरकारने प्रयोगाला दोन वर्षे पैसे देऊन थांबू नये. प्रयोग यशस्वी ठरला तर तो चालवण्याचे पैसेही द्यावेत. अमेरिकेने पहिले काम तीनदा केले आणि दुसऱ्याकडे दरवेळी पाठ फिरवली.

तिसरी खेप अलीकडची. बायडन सरकारने २०२१ मध्ये पदवीपूर्तीसाठी ६२ अब्ज डॉलरचा निधी सुचवला. वाटाघाटींत तो ५० कोटींवर आला आणि शेवटी ते विधेयकच पडले. हाती आले ते ‘पोस्टसेकंडरी स्टुडंट सक्सेस’ अनुदान : २०२२ मध्ये ५० लाख डॉलर, २०२३ मध्ये साडेचार कोटी. पुराव्याच्या पायऱ्या, त्रयस्थ मूल्यमापन, गरीब विद्यार्थ्यांच्या कॉलेजांना प्राधान्य, ही सगळी घडण ‘फर्स्ट इन द वर्ल्ड’ची आहे.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांसाठी एक व्यावहारिक बाब. नागरिक, ग्रीनकार्डधारक किंवा निर्वासितांसारख्या काही मोजक्या गटांतल्या विद्यार्थ्यालाच पेल ग्रँट मिळू शकते, विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला नाही. पण समुपदेशन किंवा अध्यापनपद्धती बदलण्यासाठी कॉलेजला मिळालेल्या अनुदानाचा लाभ अनेकदा वर्गातल्या सगळ्यांपर्यंत पोहोचतो.

१९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याचे शेवटचे सर्वंकष नूतनीकरण २००८ मध्ये झाले. विद्यार्थ्याने पदवी पूर्ण करावी यासाठीच्या या नव्या अनुदानाला त्या कायद्यात स्वतःचे वेगळे कलम नाही. ते फिप्सीच्या जुन्या अधिकारांवर चालते आणि दरवर्षीच्या विनियोजन विधेयकात, म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या विधेयकात, त्यासाठी रक्कम घातली गेली, तरच त्या वर्षी अर्ज मागवता येतात.