पत्र्यावरचा पिवळा त्रिकोण

इमारतीचं काम निघालं की आधी रस्त्याच्या कडेला पत्रे उभे राहतात आणि मग त्यांवर बाइंडिंग वायरने आवळलेल्या पाट्या दिसू लागतात. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढं आपण जाता जाता वाचतो. शेजारच्या बिनअक्षरी पाट्या मात्र नजरेतून सुटतात. साइटवर बिहार, झारखंड, बंगाल, मराठवाडा असे कुठकुठचे लोक एकत्र काम करत असतात. एकाची लिपी दुसऱ्याला येतेच असं नाही. तिथे चित्रांनी बोलायचं ठरलेलं आहे. पण चित्र तरी सगळ्यांना वाचता येतं का?

या चित्रांना व्याकरण आहे आणि ते सोपं आहे. वर्तुळ हुकूम देतं. लाल कड आणि तिरपी रेघ असेल तर ‘करू नका’, आणि वर्तुळ भरीव निळं असेल तर ‘केलंच पाहिजे’: हेल्मेट घाला, बूट घाला, बेल्ट अडकवा. पिवळा त्रिकोण हुकूम देत नाही, तो खबर देतो. वीज आहे, वर आकड्याला माल लटकतो आहे, पुढे खोल आहे; काय करायचं ते तुम्ही ठरवा. हिरवा चौकोन सुटकेची वाट किंवा प्रथमोपचाराची पेटी दाखवतो, लाल चौकोन आग विझवायचं साहित्य. जगभर चालणारं आयएसओ ७०१० हे मानक आणि आपलं आयएस ९४५७, दोन्हींत रंगांची मूळ विभागणी हीच. रंगाच्या जोडीला आकार ठेवलाय तो हौसेने नाही. काही पुरुषांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. त्यांना निदान तीन कोपरे मोजता येतात.

पिवळाच का? भर उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या, म्हणजे पोपटी छटेच्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. पिवळा त्याच्या अगदी शेजारी, म्हणून तो उजळ वाटतो, आणि त्यावर काळी आकृती ठसठशीत उठते. लालाचं तसं नाही. तिन्हीसांजेला दारातली जास्वंद बघा. दिवसा पेटल्यासारखं दिसणारं फूल काळपट होतं आणि पानं मात्र अजून दिसत राहतात. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांची पसंती ५०७ नॅनोमीटरकडे, निळसर हिरव्याकडे सरकते. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे टिपलं होतं. स्लॅब भरायला घेतला की काम रात्रीपर्यंत रेंगाळतं. तेव्हा दिवा नसेल तर सगळ्यांत आधी लाल पाटी अंधारात बुडते.

कामगारांच्या पोपटी जाकिटाची गोष्टही अशीच आहे. त्याचं कापड उन्हातली अतिनील किरणं शोषून ती दिसणाऱ्या रंगात परत टाकतं, म्हणून ते दिवसा इतकं भडक. ही करामत रात्री चालत नाही. रात्री काम करतात ते त्यावरचे करडे पट्टे. पट्ट्यात काचेचे बारीक मणी असू शकतात आणि ते प्रकाश जिथून आला तिकडेच परतवतात. त्यामुळे मिक्सर ट्रकच्या ड्रायव्हरला माणूस झळाळताना दिसतो, आणि बाजूला बिनबॅटरीने उभ्या असलेल्या मुकादमाला तोच पट्टा मळका वाटतो.

हेल्मेटच्या पाटीमागे साधं गणित आहे. दहाव्या मजल्यावरून, धरा ३० मीटरवरून, निसटलेला बोल्ट खाली येईपर्यंत ताशी सुमारे ८७ किलोमीटरचा वेग घेतो, आणि त्याला लागतात जेमतेम अडीच सेकंद. वरून ओरडायला तेवढा वेळ पुरत नाही.

काही धोके पडत नाहीत, चमकत नाहीत. रसायनांच्या डब्यावर कोपऱ्यावर उभ्या केलेल्या लाल कडेच्या चौकोनात एक चित्र असतं: हातावर थेंब पडतोय आणि हात खरवडला जातोय. आपण ते ॲसिडशी जोडतो. पण ओल्या सिमेंटलाही ते लागू आहे. सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यात चुना तयार होतो, पानाला लावतात तोच. पानाला तो जास्त लागला तर तोंड भाजतं. इथे ओला गिलावा बुटात शिरून तासन् तास कातडीला चिकटून राहतो. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, १२ च्या वर असतो, म्हणजे तो तीव्र अल्कली असतो. आधी दुखत नाही, हीच खरी मेख. दुखायला लागेपर्यंत कातडी गेलेली असते.

आणि मग ती तीन पाकळ्यांची आकृती. किरणोत्साराची ही खूण १९४६ साली अमेरिकेतल्या बर्कलेच्या प्रयोगशाळेत जन्मली. पुलाच्या किंवा पाइपलाइनच्या वेल्डिंगच्या सांध्यांचे फोटो किरणोत्सारी स्रोत लावून काढतात, तेव्हा बांधकामावरही ती दिसते. ज्याला कुणी सांगितलेलं नाही त्याला तिच्यात काय दिसणार? टेबलफॅन. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारात आलेलं विद्यापीठाचं जुनं उपकरण फोडलं गेलं, आतलं किरणोत्सारी कोबाल्ट-६० बाहेर आलं आणि एकाचा जीव गेला. अशाच आधीच्या अपघातांवरून धडा घेऊन २००७ साली एक नवी खूण आली होती: लाल त्रिकोण, त्यात किरणं, कवटी आणि पळणारा माणूस. अकरा देशांतल्या १६५० लोकांना दाखवून ती पारखली होती. ती दारावर लावायची नसून स्रोताच्या कवचावर लावायची असते, म्हणजे उपकरण खोलायला बसलेल्यालाच ती दिसावी. मला ही कल्पना फार शहाणी वाटते. कवटी मात्र आपल्याकडे शिकवावी लागत नाही. ट्रान्सफॉर्मरवरच्या ‘११००० व्होल्ट’च्या पाटीने ते काम कधीच करून ठेवलंय.

बाकीची चित्रं शिकवावीच लागतात. बऱ्याच साइटवर सकाळी काम सुरू होण्याआधी पाच-दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून बोलतात, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. त्यात पाटीकडे बोट दाखवून ‘ही काय सांगते?’ एवढं विचारलं तरी कुणाला काय कळलंय ते बाहेर येतं. दुसरी अडचण जुन्या पाट्यांची. लिफ्टच्या डक्टला दार बसून महिना होतो आणि ‘पुढे खोल’ सांगणारा त्रिकोण तिथेच लटकत राहतो. रोज त्याच्यासमोरून घमेलं घेऊन जाणाऱ्या माणसाचा डोळा तो गाळायला शिकतो. मग पुढच्या विंगमध्ये तसाच त्रिकोण लागतो, आणि तिथल्या डक्टला अजून दार बसलेलं नसतं.