फुकटचा दवाखाना आणि तीनशेची बाटली

पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून त्यांना लढवायचा 'पोकेमॉन रेड' हा व्हिडिओ गेम सुरू झाला की आपण आपल्याच खोलीत उभे असतो. कोपऱ्यात संगणक असतो आणि त्यात एकच वस्तू साठवलेली असते, ती म्हणजे एक पोशन, जखमी पोकेमॉनवरच्या औषधाची बाटली. कितीतरी जणांच्या ती नजरेलाच पडत नाही, कारण जिना उतरून कधी एकदा बाहेर पडतो असं झालेलं असतं. गावाबाहेरच्या वाटेवर दुकानाचा एक माणूस भेटतो आणि नमुना म्हणून आणखी एक बाटली हातावर ठेवतो. त्या जाहिरातीला भुलून पुढच्या व्हिरिडियन गावच्या दुकानात जावं, तर तिथे पोशन विकायलाच नाही! पोकेमॉन पकडायचे बॉल आहेत, विषावरचा उतारा आहे, लकव्यावरचं आणि भाजल्यावरचं औषध आहे, पण साध्या जखमेवरचं नाही. पुढच्या जंगलात वीडल नावाची विषारी डंखाची अळी असते, म्हणून उतारा १०० ला मिळतो. पोशन मात्र जंगल पार केल्यावर प्यूटर गावात, ३०० ला.

मला ही मांडणी फार हुशारीची वाटते. कारण या जगात उपचार खरं तर फुकट आहेत. जवळपास प्रत्येक गावात लाल छपराचं पोकेमॉन सेंटर असतं. तिथली नर्स पोकेमॉन घेते, ती ओळखीची धून वाजते आणि सगळे ठणठणीत होऊन परत मिळतात. एक पैसा पडत नाही, केसपेपरही काढावा लागत नाही. मग औषधाची बाटली विकत घ्यायची कशाला? सेंटर गावात असतं आणि आपण गुहेच्या पोटात असतो म्हणून. बाटलीची किंमत ही औषधाची नसून मागे न फिरण्याची आहे. पुढच्या पंचवीसेक वर्षांत या औषधांमध्ये जे बदल झाले, ते बहुतेक याच एका अंतराभोवती फिरत राहिले.

मुळाशी जायचं तर १९८६ सालच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'पासून सुरुवात करावी लागते. जपानी भूमिका-खेळांचा साचा त्यानं घालून दिला. झोळीत औषधी पाला ठेवायचा, मुक्कामाला सराईत पैसे मोजायचे, आणि मालिकेतल्या पुढच्या खेळांत मेलेल्या सोबत्याला उठवायला देवळाची वाट धरायची, तिथेही दक्षिणा द्यायचीच. पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी हा त्याच पिढीचा खेळाडू. 'ड्रॅगन क्वेस्ट २' खेळताना त्याला एक दुर्मीळ टोपी काही केल्या मिळेना आणि मित्र केन सुगिमोरीकडे मात्र दोन दोन! एक मला देता आली असती तर, या चुटपुटीतून खेळाडूंनी एकमेकांत पोकेमॉनची अदलाबदल करायची कल्पना सुचली, असा किस्सा सांगितला जातो. १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्रासाठी 'रेड' आणि 'ग्रीन' आले, तेव्हा त्यात सराई आणि देऊळ एकाच छपराखाली आले होते, आणि तेही मोफत. सगळी फौज गारद झाली तर निम्मे पैसे जायचे, हा एवढाच काय तो दंड.

औषधांची नावं जपानीत वाचली की वेगळीच मजा येते. आपण ज्याला पोशन म्हणतो, त्याचं मूळ नाव 'किझुगुसुरी', म्हणजे सरळ जखमेवरचं औषध. घरातल्या कपाटात असतं तसलं. जादूटोण्याच्या काढ्याचा त्यात मागमूस नाही, आणि चित्रातही फवारा मारायची बाटलीच असते. सुपर पोशन हे 'चांगलं जखमेचं औषध' आणि हायपर पोशन म्हणजे 'जबरदस्त जखमेचं औषध'. शाळकरी पोरानं नावं ठेवावीत तशी! मॅक्स पोशनच्या नावात 'मानतान' हा शब्द आहे, जो जपानी माणूस पेट्रोल पंपावर वापरतो: टाकी फुल्ल. सगळ्या आजारांवर चालणाऱ्या फुल हीलचं नाव 'नान्देमो-नाओशी', म्हणजे काहीही बरं करणारं. आणि रिव्हाइव्ह म्हणजे 'गेन्की'चा, उमेदीचा, एक तुकडा. १९९८ मध्ये खेळ इंग्रजीत अमेरिकेत पोचला तेव्हा हा घरगुती वास उडाला आणि पोशन, ईथर, एलिक्सर अशी किमयागारांच्या पोथीतली नावं आली. एक बदल उलट्या दिशेनं झाला. हरलेल्या पोकेमॉनला जपानीत 'हिन्शी', म्हणजे मरणाच्या दारात टेकलेला, म्हणतात. इंग्रजीत त्याला नुसती भोवळ येते.

आता हिशेबाकडे वळू, कारण लहानपणी आम्ही तोंडी गणितं इथेच जास्त केली. पहिल्या खेळात पोशन २० एचपी, म्हणजे पोकेमॉनच्या जीवशक्तीचे गुण, भरून द्यायचं, सुपर पोशन ७०० ला ५०, हायपर पोशन १५०० ला २०० आणि मॅक्स पोशन २५०० ला पूर्ण. खेळाच्या बऱ्याचशा भागात आपल्या पोकेमॉनची एकूण एचपी २०० च्या आतच असते, म्हणजे मॅक्सवर हजार जादा घालवणं निव्वळ हौस. त्याहून मोठी गंमत सेलाडॉनच्या बहुमजली दुकानात आहे. खालच्या मजल्यावर ५० एचपीचं सुपर पोशन ७०० ला मिळतं, आणि गच्चीवरच्या मशीनमधून तेवढ्याच ५० एचपीची पाण्याची बाटली २०० ला. सोडा ३०० ला ६०, लेमोनेड ३५० ला ८०. ज्याला हे कळलं तो पुन्हा औषधाच्या काउंटरकडे फिरकला नाही. मशीनपुढे उभं राहून एकेक बाटली काढायचा कंटाळा तेवढा सोसावा लागायचा. शिवाय सॅफ्रॉन शहराच्या वेशीवरचे पहारेकरी तहानेनं कासावीस झालेले असतात. गच्चीवरचं पेय एकाला दिलं की सगळ्या वेशी उघडतात. इतकी सभ्य लाच दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेली नाही.

विषबाधेचा जाच त्या काळी फार होता. लढाई संपली तरी दर चार पावलांना एक एचपी गळायची, पडदा थरथरायचा, आणि सेंटर दिसत असतानाच पोकेमॉन कोसळायचा. या खेळांच्या चौथ्या पिढीत तो शेवटच्या एका एचपीवर तगू लागला, आणि २०१० च्या 'ब्लॅक' व 'व्हाइट'पासून चालताना विष चढणंच बंद झालं. १०० च्या त्या उताऱ्याची निम्मी गरज तिथेच संपली.

१९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'नं दोन चांगल्या गोष्टी केल्या. पहिली म्हणजे औषधाला चव दिली. गोल्डनरॉडच्या भुयारी बाजारात कडू जडीबुटी विकतात. स्वस्त आणि गुणकारी, पण पाजली की पोकेमॉनची आपल्यावरची माया कमी होते. लहानपणी नाक दाबून काढा प्यायलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. तसंच गोठ्यातल्या आजारी मिलटँकला, म्हणजे गाईसारख्या पोकेमॉनला, सात बेऱ्या (खेळातली औषधी फळं) भरवल्या की तिचं दूध विकत मिळू लागतं, ५०० ला १०० एचपी.

दुसरी गोष्ट जास्त दूरगामी ठरली: पोकेमॉनच्या हाती वस्तू देता येऊ लागली. मित्राशी केबल जोडून लढताना पिशवीतली औषधं चालत नाहीत. पण पोकेमॉननं स्वतः धरलेली बेरी चालते, योग्य वेळी तो ती आपणच खातो. याच यादीत 'लेफ्टओव्हर्स' आलं, दर फेरीला एकूण एचपीचा सोळावा भाग भरून देणारं. जपानी नाव 'ताबेनोकोशी', म्हणजे ताटात टाकलेलं. मराठीत अगदी नेमका शब्द आहे, उष्टं. सेलाडॉनच्या खानावळीतल्या कचऱ्याच्या डब्यात ते सापडतं आणि स्पर्धेत उतरणारे जाणते खेळाडू वर्षानुवर्षं त्यावर विसंबून आहेत.

२००२ च्या 'रुबी' आणि 'सफायर'मध्ये बेऱ्यांना ओरान, सिट्रस, पेचा अशी नावं मिळाली आणि त्या लावून, पाणी घालून वाढवायची सोय झाली. खरीखुरी शेती, आणि खरीखुरी नापिकीही! खेळ ज्यात येतो त्या काडतुसातल्या (कार्ट्रिजमधल्या) घड्याळाच्या एका चुकीमुळे वर्षभर खेळून झाल्यावर रोपं वाढायचीच थांबायची. मग 'फायररेड' किंवा 'एमरल्ड'सारख्या नंतरच्या खेळाला जोडून ते दुरुस्त करून घ्यावं लागे. याच सुमारास गावोगावचे खाऊही औषधांच्या यादीत रुळले. खेळातल्या लाव्हारिज गावची कुकी जपानीत सेनबेई आहे, म्हणजे तांदळाची खुसखुशीत चकती. प्रवासातून काहीतरी बांधून आणायची सवय जपान्यांना आपल्याइतकीच.

एक जुनी तक्रार इथेच नोंदवतो. ही औषधं फक्त आपल्याकडेच असतात असं नाही. जिम लीडरचा, म्हणजे गावच्या आखाड्याच्या उस्तादाचा, शेवटचा पोकेमॉन टेकीला आणावा आणि त्यानं शांतपणे बाटली काढून तो पुन्हा ताजातवाना करावा, यासारखा संताप नाही. 'रेड' आणि 'ब्लू'मधला ब्लेन तर त्याही पलीकडचा. त्याच्या आज्ञावलीत एचपी किती उरली हे तपासायची अटच नव्हती. एक ओरखडाही नसलेल्या पोकेमॉनवर तो सुपर पोशन फवारायचा आणि आपली खेळी वाया घालवायचा.

२०१६ मध्ये दोन बाजूंनी बदल झाला. 'सन' आणि 'मून'नं सुपर पोशन ६० वर नेलं, हायपर पोशन २०० वरून १२० वर आणलं आणि साधं पोशन २०० ला केलं. म्हणजे मॅक्स पोशनला वीस वर्षांनी थोडा अर्थ आला. त्याच वर्षी आलेल्या 'पोकेमॉन गो'मध्ये सेंटरच नव्हतं. औषध मिळायचं ते पोकेस्टॉपवर, म्हणजे खेळानं नेमून दिलेल्या खऱ्याखुऱ्या ठिकाणी, आणि तिथवर स्वतःच्या पायांनी जायचं. भारतात तो डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या साथीनं अधिकृतपणे आला, पण हौशी लोक आधीच कुठून कुठून मिळवून देवळं, पुतळे, बागा पालथ्या घालत होते. पिशवीत ३५० वस्तूंची मर्यादा. बॉलसाठी जागा हवी म्हणून पोशनं दहा-दहानं फेकून द्यायची, आणि दुसऱ्याच दिवशी जिममध्ये मार खाऊन हळहळायचं, हा उद्योग मीही केला आहे.

त्यानंतर अंतर मिटतच गेलं. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये रानात तंबू ठोकून करी रांधली की सगळे बरे होतात. करीचे प्रकार तब्बल १५१, पहिल्या खेळातल्या पोकेमॉनइतकेच. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये तर एक बटण दाबलं की पिशवीतली औषधं आपोआप वापरली जातात. कोणती बाटली कुणाला, हा विचारही उरला नाही.

पण त्याच वर्षी जानेवारीत आलेला 'लेजंड्स: आर्सियस' फार जुन्या काळात जातो, जुन्या होक्काइदोसारख्या दिसणाऱ्या हिसुई प्रांतात. तिथे गावोगावी सेंटर नाहीत. रानातून ओरान बेरी आणि औषधी कांद्याची पात गोळा करायची आणि कामाच्या मेजावर स्वतःच पोशन बनवायचं. बेरी एक, पात एक, बाटली एक.