सिस्टिमॅटिक असणं वेगळं आणि सिस्टीम थिंकिंग वेगळं

आमच्या शाळेच्या गेटपासून सुरू करते, कारण मला हा फरक तिथंच कळला, कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही. (शाळेचं नाव राहू दे, इंदुरात नोकरी टिकवायचीय.) सुट्टी दीडला. गाड्या आधी सव्वाला लागायच्या, मग एकला, मग पाऊणला, आणि यंदा जुलैत तर साडेबारालाच एक आजोबा स्कूटरवर पेपर वाचत बसलेले. विचारलं तर म्हणे उशिरा आलं की जागा मिळत नाही. रस्ता जाम. मग मॅनेजमेंटनं चुन्याच्या लाइनी मारल्या, वर्गवार टोकन दिली, शिट्ट्या घेऊन दोन गार्ड उभे केले आणि मिनिटामिनिटाचा चार्ट लावला. चार्ट मीच बनवलेला, रंगीत. जाम काही हटला नाही, उलट लाइनीत पुढचा नंबर लागावा म्हणून लोक आणखी लवकर यायला लागले.

तर सिस्टिमॅटिक म्हणजे हा चार्ट. कामाचे तुकडे पाडायचे, क्रम लावायचा, प्रत्येक तुकड्याला माणूस नेमायचा आणि टिक मारत जायचं. सिस्टीम थिंकिंगमध्ये बघायचं ते हे की तुकडे एकमेकांचं काय करतायत, आणि आपण केलेली गोष्ट फिरून आपल्याच गळ्यात कशी येतेय. जाम असतो म्हणून लोक लवकर येतात, लोक लवकर येतात म्हणून जाम असतो. हे चक्र माझ्या चार्टमध्ये मावणारच नव्हतं, कारण चार्ट वरून खाली वाचतात, गोल फिरून नाही.

हे मी इंदुराजवळच्या महूच्या मामांना सांगितलं, ते फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, तर ते आधी चिडलेच. म्हणाले, "अगं, रायफल खोलून साफ करायला कसलं थिंकिंग? तिथं क्रमच पाठ पाहिजे, अंधारात हात चालला पाहिजे." बरोबरच आहे. ड्रिल, रसद मोजणं, गाड्यांची मेंटेनन्स, हे सगळं सिस्टिमॅटिकच हवं आणि त्याला कमी लेखणारे लोक मला तरी आवडत नाहीत. घोळ पुढे होतो, समोर शत्रू असतो तेव्हा, कारण तो आपल्या चालीवर चाल करतो आणि आपला क्रम पाळायला बांधील नसतो.

आणि सगळ्यात मोठा घोळ नावातच आहे. रॉबर्ट मॅकनामारा, फोर्ड कंपनीचे प्रेसिडेंट, 1961 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले आणि पेंटॅगॉनमध्ये ‘सिस्टीम्स ॲनालिसिस’ आणलं. नावात सिस्टीम, पण काम मुख्यतः हिशोबाचं, कुठल्या पर्यायाला किती खर्च आणि त्यातून काय मिळतं. बजेटला ते उपयोगी पडलंही. व्हिएतनाममध्ये मात्र प्रगती मोजायला किती शत्रू मारले हा आकडा धरला, वरून आकडा मागितला की खालून आकडा फुगवून यायचा, कारण अधिकाऱ्याचं करिअर त्यावर जोखलं जायचं. फुगलेला आकडा बघून वर वाटायचं की जिंकतोय, मग पुन्हा तोच आकडा मागायचे. मोजमाप एकदम व्यवस्थित, पण मोजणंच लढाई बिघडवतंय हे त्या तक्त्यात कुठं लिहिणार?

आता याच्यासमोर 1971 चे आपले लष्करप्रमुख माणेकशॉ ठेवा. (पन्नासच्या दशकात ते आमच्या महूच्या इन्फन्ट्री स्कूलचे कमांडंट होते, म्हणून मामांच्या घरी ते जवळजवळ नातेवाईकच.) एप्रिल 1971 मध्ये इंदिराजींनी पूर्व पाकिस्तानबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी थांबायला सांगितलं, आणि का ते नंतर स्वतःच सांगितलं. पावसाळा येतोय, तिकडच्या नद्या समुद्रासारख्या होतील. पिकं निघायची वेळ आहे, फौज हलवायला रेल्वे आणि रस्ते घेतले तर धान्य कशानं हलणार. आणि हिमालयातल्या खिंडी उघड्या आहेत, चीन उतरला तर? थंडीत त्या बर्फानं बंद होतात. नुसती फौज मोजून हे उत्तर आलं नसतं, त्यात पाऊस, गहू, रेल्वेचे डबे, बर्फ सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. युद्ध 3 डिसेंबरला सुरू झालं आणि 16 ला ढाक्यात शरणागती. तयारीचा तपशील अर्थात सिस्टिमॅटिकच असणार, त्याशिवाय तेरा दिवसांत होत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते, नाहीतर मी थांबणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, सोबत वर्षभर सतत मूल्यमापन सांगितलं. आमच्याकडे पहिली गोष्ट एका सर्क्युलरनं झाली आणि दुसरी नुसती रजिस्टर भरण्यापुरती राहिली, कारण वर्गात पोरं तितकीच, बाईही तेवढ्याच. कच्चेपणा गेला नाही, नववीत सरकला. मग 2019 ला कायदा बदलून परीक्षा परत आणायची मुभा दिली. दोन्ही वेळा एकच खिळा काढायचा की ठोकायचा यावर भांडण.

त्या मानानं आपल्या शहराचा कचरा बघा. भरलेली पेटी बघून लोक लांबूनच पिशवी फेकायचे, मग गायी, मग वास, मग आणखी लांबून फेकणं. 2016 च्या आसपास इंदूरनं पेट्या वाढवल्या नाहीत, काढूनच टाकायला घेतल्या आणि दारात गाडी पाठवली. चक्र जिथं सुरू व्हायचं ती जागाच गेली. अर्थात ती गाडी रोज वेळेवर येते म्हणून हे चालतं, एक आठवडा नाही आली तर कोपऱ्याकोपऱ्यावर काय होईल ते इंदूरवाल्याला सांगायला नको.

मात्र सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे म्हणत बाणच बाण काढत बसणं हाही आजार आहे. अफगाणिस्तानातल्या युद्धाची अशीच एक स्लाइड काबूलमध्ये तिथल्या अमेरिकी फौजेचे प्रमुख जनरल मॅक्रिस्टल यांना दाखवली, शेवयांचा गुंता वाटावा अशी, तर ते म्हणाले की ही स्लाइड समजली की आपण युद्ध जिंकलो. ऑफिसात कुणी असा कागद आणला तर मी एकच विचारते, यातलं कुठलं चक्र पकडायचं?

गेटवर आम्ही शेवटी चार्ट काढला. सुट्टीनंतर सव्वादोनपर्यंत मैदान उघडं, दोन शिक्षक थांबतात, उशिरा आलेल्याचं पोरगं रस्त्यावर उभं राहत नाही, त्यामुळे लवकर यायचं कारणच उरलं नाही. साडेबाराचे आजोबा आता दीडला येतात. फक्त नातू कबड्डी सोडून बाहेर येत नाही, आणि दोन वाजता गेटवर नवाच जाम व्हायला लागलाय.