घोट्याच्या ऑपरेशननंतरचा बूट: माप द्यायला येण्याआधी हे वाचा

“घोट्याचं ऑपरेशन झालंय, आठ नंबरचा बूट द्या,” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही तसंच परत पाठवतो आणि त्यावरून बोलणीही खातो.

अपघातात घोट्यातलं टॅलस हाड मोडलं की त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही, निम्म्याहून जास्त भाग कूर्चेने झाकलेला. रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाच थोडी. रक्त पोचलं नाही की हाड आतून मरतं. तुमच्या कागदावर ‘एव्हीएन’ लिहिलंय ते हेच. हाड खचलेलं नसेल तर डॉक्टर ड्रिलने भोकं पाडून आतला दाब कमी करतात, कधी दुसरीकडचं हाड आणून भरतात. खचलं असेल तर बहुतेक वेळा खिळा किंवा स्क्रू घालून सांधाच जोडतात.

ऑपरेशन वेगळं, तशी वस्तूही वेगळी. साधा वॉकर बूट, म्हणजे प्लास्टरसारखा पाय धरून ठेवणारा पट्ट्यांचा उंच बूट, घोटा हलू देत नाही, पण पाय टेकवला की भार टॅलसवर जातोच. तो भार कमी करायचा तर गुडघ्याखाली वजन घेणारा ब्रेस लागतो, आणि तो मापानेच बनतो. सांधा जुळल्यावर घोटा वाकत नाही. तेव्हा गोलसर तळाचा रॉकर सोल कामाला येतो. तो तुमच्याच बुटाला बसवून देतो, नवा जोड कशाला घ्यायचा?

म्हणून डिस्चार्ज कार्ड आणाच, आणि पायावर किती वजन टाकायचं ते डॉक्टरांकडून लिहून आणा. निम्मे लोक नेमकं हेच विसरतात. मग आम्ही फोन लावणार, डॉक्टर ओटीत असणार आणि तुमचा अर्धा दिवस आमच्या बाकावर जाणार. “आता दुखत नाही, म्हणजे चालायला हरकत नसेल” हे आम्ही धरत नाही. मेलेलं हाड खचेपर्यंत फारसं दुखेलच असं नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या एक्स-रेत टॅलसच्या वरच्या कडेखाली काळसर रेघ दिसली तर रक्त पोचत असल्याची ती चांगली खूण. ती बघून परवानगी डॉक्टर देतील, दुकानदार नाही.

ऑनलाइन घेतलेला बूटही घेऊन या, पट्टे तपासून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. दुसऱ्या पायातली चप्पल किंवा बूटही बरोबर असू द्या. वॉकर बुटाने एक बाजू उंच होते आणि आठवड्याभरात कंबर धरते. दुसऱ्या पायाखाली किती जाड पट्टी लावायची ते दोन्ही पाय शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.