पापवा सेवगोलम : उलट्या हातांचा गोल्फपटू

क्रिकेटची बॅट धरताना उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर असतो, उजवा खाली. गोल्फमध्येही तसेच. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा भारतीय वंशाचा गोल्फपटू सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम मात्र नेमके उलटे धरायचा. ही पकड कुठल्या प्रशिक्षकाच्या नजरेला पडली असती, तर त्याने ती पहिल्याच दिवशी मोडून काढली असती. पण प्रशिक्षक मिळणार कुठून? पापवा वाढला कॅडी म्हणून, म्हणजे गोऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहत. झाडाची फांदी तोडून तो स्वतःच शिकला. लिहिता-वाचताही येत नव्हते.

ऊस लावणाऱ्या मळेवाल्यांसाठी 1860 पासून मद्रास आणि कलकत्त्याहून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, डर्बनच्या परिसरातल्या नाताळ (Natal) या ब्रिटिश वसाहतीत नेले गेले. तिथल्या भारतीय वस्तीची सुरुवात ती. 1948 मध्ये वर्णभेदाचे धोरण राबवणारी गोऱ्यांची नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणी कुठे राहायचे, हे वर्णावरून ठरू लागले. क्लबहाऊसच्या दारापर्यंतही तोच कायदा पोचला.

पापवा ज्यांची पिशवी वाहायचा, त्यांत ग्रॅहम वुल्फ होता, ‘ऑइल ऑफ ओले’ हे क्रीम बनवणारा रसायनतज्ज्ञ. त्याने 1959 मध्ये पापवाला युरोपात खेळायला नेले आणि त्याच वर्षी पापवाने डच ओपन जिंकली. 1960 मध्ये पुन्हा, 1964 मध्ये तिसऱ्यांदा. हॉलंडात विजेता आणि घरी परतल्यावर स्पर्धेत उतरण्यासाठी सरकारी परवानगीची वाट पाहणारा!

ती परवानगी मिळाली आणि 1963 मध्ये डर्बन कंट्री क्लबवर त्याने गोऱ्या खेळाडूंना मागे टाकून नाताळ ओपन जिंकली. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. बाकीचे खेळाडू क्लबहाऊसमध्ये, आणि विजेत्याला करंडक मिळाला बाहेर, पावसात. आत भारतीय वेटर वाढत होते, म्हणजे भारतीय माणसाला आत मज्जाव नव्हता. पाहुणा म्हणून होता. त्या प्रसंगाचे छायाचित्र जगभर छापून आले. दक्षिण आफ्रिकेला खेळांतून बाहेर काढा, ही मागणी तेव्हा जोर धरत होतीच. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकचे निमंत्रण रद्द झाले. एका छायाचित्राने ते घडवले असे म्हणणे बाळबोध ठरेल, पण वर्णभेद म्हणजे काय हे सांगायला त्याच्याइतका सोपा पुरावा क्वचितच मिळाला असेल.

1965 मध्ये त्याने नाताळ ओपन पुन्हा जिंकली. या वेळी हरला तो खुद्द गॅरी प्लेअर, दक्षिण आफ्रिकेचा जगप्रसिद्ध गोरा गोल्फपटू. यानंतर सरकारचा संयम संपला. पापवाला देशातल्या स्पर्धांचे दरवाजे बंद झाले, पासपोर्टही गेला, त्यामुळे युरोपही तुटले. कारकीर्द ऐन बहरात असताना हे झाले. पुढची वर्षे हलाखीत गेली आणि 1978 मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो वारला.

डर्बनमध्ये उमगेनी नदीकाठच्या गोल्फ मैदानाला आज त्याचे नाव आहे.